कुलूप तेव्हाही होतंच

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला तर तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली. मशीन चालू केलं की विंडोज येण्याआधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागतं, आणि तो कुणालाच माहीत नाही. म्हणून या वेळी हाच विषय घेतो. प्रिंटरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : काका, नमस्कार. मी टॉवेलच्या कडा शिवून द्यायचं काम घरी करते. मुलगी पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, ओळखीतल्या एकाकडून जुना लॅपटॉप घेतला. तो माणूस पुण्याहून कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप आणून विकतो. १६,५०० रुपये दिले. बिल नाही, साध्या कागदावर रक्कम लिहून सही दिली. चार महिने लॅपटॉप छान चालला. परीक्षा संपल्यावर मुलगी मामाकडे अक्कलकोटला गेली आणि लॅपटॉप दीड महिना कपाटात राहिला. आल्यावर चार्जिंगला लावून चालू केला तर आधी इंग्रजीत काहीतरी संदेश आला आणि मग कुलपाचं चित्र असलेली चौकट आली, पासवर्ड मागते. आम्ही कधीच पासवर्ड टाकला नव्हता. घरातले मुलीलाच बोलतात, तूच काहीतरी दाबलं असणार म्हणून. विकणारा म्हणतो, "दिला तेव्हा चालू होता ना?" एका दुकानात मदरबोर्ड बदलायचे ९,५०० सांगितले. दुसरा एक मुलगा म्हणतो, चिप उडवून देतो, १,५०० द्या, पण गॅरंटी नाही. तिचा प्रोजेक्ट त्यात आहे. दोन फोटो पाठवते. काय करू?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी घरातल्यांना सांगा की पोरीनं काहीही दाबलेलं नाही. तिला बोलणं बंद करा, मग पुढचं वाचा.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक "लॅपटॉप लॉक झालाय" एवढंच लिहितात आणि मी काय ज्योतिष सांगू? तुमच्या पहिल्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक ओळ आहे, थोडी हललेली, पण वाचता येते. तारीख आणि वेळ तपासा, असं मशीन म्हणतंय. कुलपाची चौकट त्याच्या नंतर आली आहे. सगळी गोष्ट या क्रमात आहे.

लॅपटॉपच्या पोटात मोठ्या बॅटरीशिवाय एक रुपयाच्या नाण्याएवढा सेलही असतो, तीन व्होल्टचा. बहुधा सीआर २०३२ जातीचा, प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळून वायरनं बोर्डाला जोडलेला. मशीन बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. मोठ्या बॅटरीत जीव आहे तोवर या सेलवर फारसा भार पडत नाही. पण तुमचा लॅपटॉप दीड महिना कपाटात होता, तोही मे-जूनच्या सोलापुरात. मोठी बॅटरी उतरली, मागोमाग हा म्हातारा सेलही मेला आणि घड्याळ थांबलं. चालू केल्यावर मशीनला तारीख खुळ्यासारखी दिसली. ते म्हणालं, सेटिंगमध्ये जाऊन तारीख दुरुस्त करा. आणि त्या सेटिंगच्या खोलीला, ज्याला बायोस सेटअप म्हणतात, पहिल्या मालकानं म्हणजे पुण्याच्या कुठल्यातरी कंपनीनं कुलूप घालून ठेवलं होतं.

म्हणजे तुम्ही जानेवारीत पैसे मोजले तेव्हाही कुलूप होतंच. त्या खोलीत जायची वेळ तुमच्यावर आली नव्हती, इतकंच. विकणाऱ्याला हे ठासून सांगा. "दिला तेव्हा चालू होता" हे खरं आहे, पण दिला तेव्हा कुलूपबंदही होता.

आता हे कुलूप नेमकं कुठलं ते कळलं पाहिजे, कारण एका मशीनमध्ये तीन असू शकतात. कुठलंही देऊळ डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा दरवाजा बंद असेल तर आत पाऊलच टाकता येत नाही. तसा चालू करतानाचा पासवर्ड असतो, तो दर वेळी विचारतो. दुसरं कुलूप गाभाऱ्याचं. देवळात येताजाता येतं, पण आत काही हलवायचं तर पुजाऱ्याची किल्ली लागते. हा सेटअपचा पासवर्ड, कंपन्यांत याला सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड म्हणतात. तिसरं कुलूप दानपेटीचं. पेटी उचलून दुसऱ्या देवळात नेली तरी कुलूप पेटीबरोबर जातं. तसा हार्ड डिस्कचा पासवर्ड डिस्कमध्येच राहतो. चार महिने तुमच्या मुलीला एकदाही काही विचारलं नाही, म्हणजे बाहेरचा दरवाजा आणि दानपेटी दोन्ही मोकळी आहेत. कुलूप फक्त गाभाऱ्याला आहे. ही चांगली बातमी.

म्हणून ९,५०० च्या आधी अडीचशे रुपयांचा उपाय करून बघा. कुणाकडूनही तो सेल बदलून घ्या. मी सेल, वायर आणि मजुरी धरून अडीचशे घेतो, बाजारात थोडं इकडे-तिकडे. जुना सेल काढल्यावर मीटरनं मोजून दाखवायला सांगा. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर माझं निदान बरोबर. नवा बसवल्यावर मशीन चालू करा. तारखेचा संदेश पुन्हा एकदा येणारच, कारण घड्याळ अजून चुकीचंच आहे. तो आला की सेटअपमध्ये जाऊ नका, एस्केप दाबून बघा, नाही जमलं तर एंटर. काही मशीन एवढ्यावर पुढे सरकतात आणि विंडोज उघडतं. काही हटून बसतात. पुढे गेलंच तर लगेच वाय-फायला जोडा, विंडोजमध्ये तारीख बरोबर झाली का ते पाहा आणि रीतसर शटडाऊन करा. दुसऱ्या वेळी बहुधा संदेश येणार नाही.

असं झालं तर गाभारा बंद राहूनही मुलीचं शिक्षण होईल. अडचण एवढीच की पेन ड्राइव्हवरून नवीन विंडोज टाकायचं म्हटलं तर मशीन अडवू शकेल. ते पुढचं पुढे.

आता जे करू नका ते. "सेल काढा, अर्धा तास थांबा, परत लावा, पासवर्ड जातो" हे तुम्हाला दहा जण सांगतील. ते खोटं नाही, पण लॅपटॉपचं नाही. १९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला तेव्हापासून डेस्कटॉपची सेटिंग सेलवर जगणाऱ्या एका छोट्या मेमरीत राहायची. सेल काढला की ती सगळं विसरायची, पासवर्डसुद्धा. लॅपटॉप चोरीला जातात हे कंपन्यांना लवकरच कळलं. मग त्यांनी पासवर्ड अशा चिपमध्ये नेला जिला लक्षात ठेवायला वीज लागतच नाही. तुमच्या मशीनचा सेल तर आपणहून मेलाय, पासवर्ड गेला का? उलट त्यामुळेच तो समोर आला.

आणि तो १,५०० वाला मुलगा. त्याला मी वाईट म्हणणार नाही, असली कामं नीट करणारी पोरं आपल्या गावात आहेत. चिपला क्लिप लावून आतला मजकूर वाचायचा, पासवर्डचा भाग साफ करायचा, परत लिहायचा. पण याच चिपमध्ये मशीनचा अनुक्रमांक असतो आणि बऱ्याच मशीनमध्ये विंडोजचा परवानाही. लिहिताना गडबड झाली तर लॅपटॉप पाटावर ठेवायच्या कामाचा. नव्या मॉडेलमध्ये तर पासवर्ड त्या चिपमध्ये नसतोच, दुसऱ्याच ठिकाणी असतो, आणि उघडझाप करून हाती काही लागत नाही. त्याला एकच प्रश्न विचारा : "हात लावायच्या आधी चिपची जशीच्या तशी कॉपी काढून ठेवणार का?" तो "त्याची काय गरज नाय" म्हणाला तर लॅपटॉप घेऊन घरी या.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतो तेही सांगतो. २००४ साली विजापूर वेशीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या मुलाचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. असंच कुलूप. कुणीतरी सांगितलं होतं की चालू करता करता चिपचे दोन पाय चिमट्यानं जोडायचे. मी जोडले. चुकीचे जोडले. धूर म्हणावा एवढा धूरही निघाला नाही, उदबत्ती विझल्यावर निघतो तेवढाच, आणि पडदा कायमचा काळा. त्या काळी ते पंचावन्न हजारांचं मशीन होतं. बोर्डाचे पैसे मी आठ महिने हप्त्यानं फेडले. शेठ भला माणूस, पोलिसात गेला नाही, पण दिवाळीला फराळ पाठवायचा तो बंद झाला. कुठले पाय जोडायचे ते मला आज बरोबर माहीत आहे, पण या पानावर छापणार नाही.

एस्केप-एंटरनं काम झालं नाही तर किल्ली शोधायला पहिल्यांदा विकणाऱ्याकडेच जा. असे लॅपटॉप शेकड्यांच्या लॉटमध्ये येतात आणि कंपन्यांची कॉम्प्युटर खाती बहुतेक वेळा एका लॉटला एकच पासवर्ड घालतात. तुमच्या माणसानं ज्याच्याकडून माल उचलला त्याला तो माहीत असायची शक्यता बरीच आहे. त्यांच्या गोदामात याच लॉटचे पन्नास लॅपटॉप पडलेले असतील. नुसता फोन करू नका, मशीन घेऊन त्याच्या दारात जा आणि तिथून त्याच्याकडून पुण्याला फोन लावून घ्या. पासवर्ड मिळाला की त्याच बैठकीत सेटअपमध्ये जाऊन तो काढून टाका. चिठ्ठीवर लिहून घरी आणू नका, चिठ्ठ्या हरवतात.

दुसऱ्या फोटोत लॅपटॉपच्या पाठीवर अर्धवट खरवडलेलं स्टिकर दिसतंय, त्यावर बारकोड आणि एक नंबर आहे. ती जुन्या कंपनीच्या मालमत्तेची खूण आहे. ते स्टिकर काढू नका. विकणारा हात वर करू लागला तर त्या कंपनीला अनुक्रमांक आणि स्टिकरचा फोटो पाठवून विचारता येतं की हे मशीन तुम्ही विकलं होतं का. "हो, भंगारात काढलं होतं" असं उत्तर आलं तर मार्ग निघतो. "आमचं हरवलं होतं" असं आलं, तर ताई, तिथे थांबायचं. कुलूप काढायच्या नादी न लागता सगळे कागद घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. चोरीचा माल आहे हे माहीत असूनही जवळ ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तुम्हाला आज माहीत नाही, म्हणून तुम्ही गुन्हेगार नाही. कळल्यावर गप्प बसलात तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा असं काही निघत नाही, पण साध्या कागदावरची सही बघून मला हे लिहावं लागलं. त्याच्याकडून अनुक्रमांक लिहिलेली नीट पावती आताच मागून घ्या.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचं दार तिसरं. इथे प्रत्येकीची रीत वेगळी. डेलकडे मशीनच्या सात अक्षर-आकड्यांच्या सर्व्हिस टॅगवरून मालकी आपल्या नावावर करून घेता येते. मालकी पटली की कुलूप काढायचा संकेत त्यांच्याकडून मिळू शकतो. लेनोवोच्या थिंकपॅडच्या माहितीपुस्तकात साफ लिहिलेलं असतं : सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर आम्ही तो काढून देत नाही, बोर्ड बदलावा लागेल. एचपीच्या ऑफिसवाल्या लॅपटॉपचंही बरंचसं तसंच. म्हणजे ९,५०० सांगणारा दुकानदार तुम्हाला लुबाडत होता असं नाही. त्यानं शेवटचं पान आधी वाचून दाखवलं.

आणि प्रोजेक्ट. मुलीचा जीव त्यातच अडकला असणार. वरचं काहीही करण्याआधी, सेल बदलायला मशीन उघडतील तेव्हाच, डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिच्या फायली उतरवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरनं बिटलॉकरची, म्हणजे विंडोज स्वतः डिस्कवर घालतं त्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागितली तर घाबरू नका. मुलगी विंडोजमध्ये ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं शिरायची, त्या खात्यात मोबाइलवरून जाऊन बघा, बहुधा तिथे ती जपून ठेवलेली असते. आणि चिपवाल्याकडे जायचंच ठरलं तर ही किल्ली हातात असल्याशिवाय जाऊ नका. चिपमध्ये फेरफार झाला की विंडोज ती हमखास मागतं.

पुढच्या वेळी कुणी जुना लॅपटॉप घेत असेल तर पैसे खिशातून काढायच्या आधी चालू करताना थिंकपॅडला एफ-वन, डेलला एफ-टू, एचपीला एफ-टेन दाबा. सेटअप सरळ उघडला तर ठीक. पासवर्ड मागितला तर विकणाऱ्याला म्हणा, "काढून दे, चहा पिऊन येतो."

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसच्या डेस्कटॉपवर जुन्या ऑपरेटरनं बायोस पासवर्ड टाकला आणि तो काम सोडून गेला. चालू करतानाच पासवर्ड मागतो. सगळा हिशेब त्यात अडकलाय. त्याचा शेवटचा पगार द्यायचा राहिला आहे, त्यामुळे तो फोन उचलत नाही. मशीन असेंबल केलेलं आहे.
— एक कारखानदार

उत्तर : शेठ, पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाचा. पगार द्या, फोन उचलेल, पासवर्ड सांगेल. याहून स्वस्त दुरुस्ती माझ्याकडे नाही.

पगार देऊनही नाही सांगितला तर असेंबल मशीनचं कुलूप हलकं असतं. ताईंना लिहिलं ते सेल काढायचं औषध इथे लागू पडतं. वायर भिंतीतून काढा, स्विच बंद करून भागत नाही. चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलीसुरली वीज जाईल. मग झाकण उघडा आणि आधी ब्लोअर मारा. कारखान्यातल्या मशीनमध्ये सुताचं तूस किती बसतं ते मला ठाऊक आहे. मागे एका सीपीयूच्या पंख्यावरून मी बोटभर जाडीचा गालिचा उचललाय, चादरच विणून झाली असती. तूस निघाल्याशिवाय सेलजवळची ती तीन पिनांची जागा दिसणारही नाही.

तिथे क्लिअर सीमॉस किंवा तशा अर्थाची बारीक अक्षरं असतात. सीमॉस म्हणजे सेलवर जगणारी तीच छोटी मेमरी. पहिल्या दोन पिनांवर बसलेली प्लॅस्टिकची टोपी उचलून दुसऱ्या-तिसऱ्या पिनेवर दहा सेकंद ठेवायची आणि परत जागेवर. टोपी दुसऱ्या जागी असताना मशीन चालू करायचं नाही. काही बोर्डांवर टोपीच नसते, नुसत्या दोन पिना असतात, त्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या. बोर्डाचं पुस्तक सापडलं तर त्यातलं चित्र बघून करा. ऑफिसचं ब्रँडेड मशीन असतं तर पासवर्डसाठी वेगळीच टोपी असू शकते, तेव्हा तिथे अंदाजानं हात घालू नका.

यानंतरची गोष्ट लोक सांगत नाहीत. पासवर्डबरोबर सगळी सेटिंगही पुसली जाते. तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ती दुरुस्त करायच्या आत हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलंत तर नोंदी भलत्याच तारखेला पडतील आणि सीए तुमच्या नावानं शंख करेल. मशीन डिस्कशी ज्या पद्धतीनं बोलतं ती बदलली गेली तर विंडोज निळा पडदा दाखवून परत परत चालू होतं. घाबरू नका, सेटअपमध्ये साटाच्या जागी एएचसीआय असेल तर रेड करा, रेड असेल तर एएचसीआय करा, बहुधा दोन्हींपैकी एकावर ते पूर्वीसारखं उठेल. सेल काढलाच आहे तर नवाच घाला. तीस-चाळीस रुपयांचा असतो.

प्रश्न : सर, सगळ्या कंपन्यांचे गुप्त मास्टर पासवर्ड असलेली यादी इंटरनेटवर मिळाली. एक सॉफ्टवेअरपण आहे, डाऊनलोड केलं की पासवर्ड काढतं. चालेल का?
— बी.एस्सी. दुसरं वर्ष, सोलापूर

उत्तर : यादी आजोबांच्या काळातली आहे. नव्वदच्या दशकात अवॉर्ड कंपनीच्या बायोसवर असे ठरलेले शब्द खरंच चालायचे, मीही बऱ्याच कुलपांना ते लावलेत आणि गिऱ्हाइकाला जादूगार वाटलोय. नंतर काही जुन्या लॅपटॉपवर तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की एक आकडा यायचा आणि त्यावरून किल्ली काढता यायची. ज्यांच्या पासवर्डचं आज आपण बोलतोय त्या ऑफिसवाल्या लॅपटॉपवर यातलं काही चालत नाही. आणि ते सॉफ्टवेअर तू चालवणार कुठे? कुलूपबंद मशीनवर विंडोजच येत नाही, म्हणजे चालवणार मित्राच्या चांगल्या मशीनवर. मग दोन मशीन घेऊन माझ्याकडे येशील. येताना कुलूपबंद मशीनची पावती तेवढी घेऊन ये, मी पावतीशिवाय झाकण उघडत नाही.